हात धुता धुता : मेडिसिन वॉर्डातल्या प्रकल्प नोंदी

१ जुलै २०२४, सोमवार

प्रकल्पाची वही आज सुरू केली. मेट्रन मॅडमनी दोन अटींवर परवानगी दिली : ड्युटीची वेळ मोडायची नाही आणि पैसे मागायचे नाहीत. दोन्ही मान्य केल्या.

हे कशामुळे सुरू झालं ते आधी लिहून ठेवते. जूनच्या शेवटच्या आठवड्यात माझी नाईट होती. पहाटे पाचला रक्ताची सॅम्पल्स काढायची वेळ झाली आणि सोबतची मुलगी कुठे दिसेना. तिला रुजू होऊन जेमतेम चार महिने झालेत. शोधत मागे गेले तर ती बेसिनपाशी उभी. नळ सोडलेला, दोन्ही हात पाण्याखाली, नजर पाण्यावर. हाक मारली तर म्हणाली, "ताई, दोनच मिनिटं. हात थांबेनात." बोटं खरंच थरथरत होती. त्या रात्री आम्ही दोघी, बत्तीस खाटा भरलेल्या, वर जमिनीवर दोन गाद्या. तिची काही चूक झाली नव्हती, कोणी तिला बोललंही नव्हतं. रात्री आठपासून कोणी ना कोणी "सिस्टर, सिस्टर" करत होतं, तेवढंच.

वीस वर्षांत अशा कितीतरी मुलींना मी "होईल सवय" म्हणून कामाला लावलं. मलाही तेच सांगितलं गेलं होतं. सवय होतेही, पण ती खांद्यात जाऊन बसते, पित्तात बसते, घरी गेल्यावर पोरांवर निघते. त्या पहाटे मी तिला सवयीचं काही बोलले नाही. नळ बंद केला आणि तिची सॅम्पल्स मी काढली.

मिरजेतल्या एका रुग्णालयाचा एक वॉर्ड, चौदा सिस्टर, एक ब्रदर, पाच मावशी. ताण हलका करायच्या साध्या गोष्टींपैकी कोणत्या इथे टिकतात ते आठ आठवडे बघायचं ठरवलंय.

४ जुलै, गुरुवार

पहिला प्रयोग फसला. दुपारचं ओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीला रुग्ण सोपवणं, झाल्यावर सव्वादोनला साइड रूममध्ये दहा मिनिटं डोळे मिटून बसायचं, मोबाईलवर शांत सूचना लावायच्या, असं योजलं होतं. चौघी आल्या. एकीला झोप लागली. एकीची गाडी चुकली आणि तिला कवलापूरला जायला तासभर ताटकळावं लागलं. तिसरी सारखं घड्याळ बघत होती. चूक माझीच. ड्युटी संपलेल्या बाईला आधी घर गाठायचं असतं. तिच्या वाटेत आणखी दहा मिनिटं उभी केली तर तो ताण वाढवण्याचाच प्रकार झाला.

साइड रूम बंद. जे करायचं ते कामाच्या आत बसलं पाहिजे.

६ जुलै, शनिवार

आज वॉर्ड जरा मोकळा होता. खाट क्रमांक तीनचा रुग्ण घरी गेला आणि मॉनिटर रिकामा राहिला, तेव्हा त्या नव्या मुलीलाच खाटेवर बसवलं, छातीला मॉनिटरच्या तीन वायरी लावल्या. बाकीच्या भोवती जमल्या. तिला सांगितलं, नाकाने चार आकड्यांपर्यंत श्वास घे, सहा आकड्यांपर्यंत हळू सोड, मध्ये कुठे अडवू नकोस.

सुरुवातीला नाडी अठ्ठ्याण्णव. सगळ्यांचे डोळे त्या आकड्यावर. मी म्हटलं, आकडा नका बघू, तो सरासरी काढून उशिरा बदलतो. वरची ठोक्यांची हिरवी रेघ बघा. श्वास आत जाताना टोकं जवळ जवळ पडतात, सोडताना लांब लांब. तिने तिसऱ्यांदा श्वास सोडला तेव्हा ते सगळ्यांना स्पष्ट दिसलं. टोक, मग जागा, मग टोक, मग आणखी मोठी जागा. ब्रदर म्हणाला, "अरे, हे तर आपण रोज बघतोय की!" खरंय. तरुण रुग्णांच्या ईसीजीत हे कायम दिसतं, आम्ही त्याला नॉर्मल म्हणून पुढे जातो.

कारण सगळ्यांनी पहिल्या वर्षाला पाठ केलेलं आहे. मेंदूकडून येणारी व्हेगस नावाची नस हृदयाला लगाम घालते. श्वास घेताना तो लगाम थोडा सैल सुटतो, सोडताना पुन्हा आवळला जातो. म्हणून सोडायचा वेळ लांबवला की लगाम जास्त वेळ धरलेला राहतो. मिनिटाला सहा श्वासांच्या आसपास ही लय सगळ्यात ठळक दिसते. परीक्षेत लिहिलेली गोष्ट आपल्याही छातीत चालू आहे, हे त्या मुलीच्या चेहऱ्यावर उमटलेलं मी बघितलं. तीन-चार मिनिटांनी आकडा शहाऐंशीवर होता. बसून राहिल्यानेही काही ठोके कमी झाले असणार, तेही मी सगळ्यांना सांगितलं. पण रेघेवरची ती जागा बसून राहिल्याने पडलेली नव्हती.

एकीने विचारलं, मोबाईलवर श्वास रोखून धरायला सांगतात, ते करू का? तिला बीपीची गोळी चालू आहे. तिला म्हटलं, रोखू नकोस, तुला त्याची गरज नाही. भराभर दीर्घ श्वास घेऊ नका हेही सगळ्यांना सांगितलं, कारण कार्बन डायऑक्साइड कमी होऊन चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. घाबरलेल्या नातेवाइकांत आपण ते बघतोच.

१० जुलै, बुधवार

जागा सापडली. बेसिन.

दिवसभरात आम्ही सगळ्यात जास्त वेळा काय करतो तर हात धुतो. रुग्णाला हात लावण्याआधी, लावल्यानंतर, ड्रेसिंगच्या आधी, लघवीची पिशवी रिकामी केल्यावर, खाटेच्या कठड्याला हात लागला तरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीप्रमाणे साबण-पाण्याने चाळीस ते साठ सेकंद, सॅनिटायझरने वीस ते तीस. चार आत आणि सहा बाहेर म्हणजे दहा सेकंदांचा एक श्वास. साबणाने हात धुताना असे चार ते सहा श्वास होतात, सॅनिटायझरला दोन-तीन. वेगळा वेळ द्यायलाच नको, ही मिनिटं ड्युटीत आधीपासून आहेत.

पायऱ्या सहा, श्वासही सहा. तळव्यावर तळवा, पहिला. हाताची पाठ, दुसरा. बोटांत बोटं, तिसरा. आखडलेल्या बोटांच्या पाठी, चौथा. अंगठा मुठीत धरून फिरवायचा, पाचवा. नखांची टोकं तळव्यावर, सहावा. श्वास सोडताना खांदे कानांपासून खाली येऊ द्यायचे. मी स्वतः दिवसभर करून बघितलं. सकाळी अकरापर्यंत चार वेळा विसरले. मग बेसिनवरच्या आरशाला चिकटपट्टीने एक कागद लावला : "आधी सोडा." इतकंच लिहिलं, कारण ताणात माणूस श्वास आत घेऊन धरून बसतो. सोडला की पुढचा आपोआप येतो.

अंगठ्याची पायरी सगळ्यांकडून सुटते, संसर्ग नियंत्रणाच्या सिस्टर कायम तेच बोलत असतात. श्वास मोजायला लागल्यापासून माझा अंगठा चुकला नाही.

१३ जुलै, शनिवार

ताणाला शून्य ते दहा गुण द्यायचा तक्ता बंद केला. सगळ्या जणी रोज पाच लिहीत होत्या. त्याऐवजी वहीत एक ओळ, हवी तर. काल कोणीतरी लिहिलंय : "बेड १९ च्या मुलाने आवाज चढवला. उत्तर देण्याआधी हात धुतले." सही नाही.

१७ जुलै, बुधवार, आषाढी एकादशी

आज अर्धा वॉर्ड उपाशी. मावशींनी साबुदाण्याची खिचडी आणली होती, दाण्याचं कूट भरपूर घातलेली.

मावशींना मी श्वासाचं समजावून सांगत होते. त्या फरशीचं फडकं पिळत होत्या. म्हणाल्या, "ताई, ह्ये मी पयल्यापास्नं करत्ये की. पिळताना दम सोडायचा. न्हाईतर कंबर धरती." आणि करून दाखवलं. मुठी आवळताना ओठांतून लांब फुंकर, फडकं सोडताना खांदे खाली. मग त्या पुढच्या खाटेकडे वळल्या, तोंड मिटून गुणगुणत. त्यांचं ते गुणगुणणं मी कित्येक वर्षं ऐकतेय, पण ते श्वास लांबवण्याचं साधन आहे हे आज डोक्यात शिरलं. गुणगुणताना हवा बारीक धारेने बाहेर जाते, आकडे मोजावे लागत नाहीत. भ्रामरी प्राणायामात हेच तर करतात. लोणावळ्याच्या कैवल्यधाम या योगसंस्थेला यंदा शंभर वर्षं होतायत. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी तिथे आसन-प्राणायाम प्रयोगशाळेत तपासायला सुरुवात केली. आमच्या मावशींनी त्यातलं काही वाचलेलं नाही. त्यांच्या आईला त्यांनी जात्यावर बघितलंय.

संध्याकाळी घरी जाताना मुद्दाम सतारमेकर गल्लीतून गेले. एका दुकानात तंबोरा जुळवत होते. दोन मिनिटं पायरीशी उभी राहिले, त्या आवाजात तोंड मिटून हलकंच मिसळून बघितलं. कारागिराने वर बघितलं आणि तार छेडत राहिला. मिरजेत एवढी वर्षं राहून मी या गल्लीत कधी थांबले नव्हते.

ज्यांना आकडे मोजायचा कंटाळा येतो त्यांनी गुणगुणावं, असं वहीत लिहिलं. लिनन रूममध्ये. रात्री वॉर्डात नको.

२६ जुलै, शुक्रवार

पाऊस थांबत नाही. कृष्णेचं पाणी चढतंय, आणि आमच्यातल्या पाच जणी नदीकाठच्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाण्याने ५७ फुटांची पातळी ओलांडली होती. त्यांतल्या दोघींची घरं तेव्हा पाण्याखाली गेली. एकीने भिंतीवर पाण्याची रेघ अजून तशीच ठेवली आहे.

काल दुपारी बघितलं तर प्रत्येक जण औषधाच्या ट्रॉलीआड मोबाईल काढून पातळी बघत होती. एका फेरीत तीन वेळा. औषधं देताना हे फार धोक्याचं. रागावून उपयोग नव्हता, घर ज्याचं त्यालाच माहीत. तेव्हा असं ठरवलं : बघायचं एकीनेच. ती दर तीन तासांनी पातळी बघणार आणि सिस्टर्स स्टेशनच्या फळ्यावर वेळेसकट लिहिणार. बाकीच्यांचे मोबाईल खणात. पाणी अचानक वाढलं तर ती स्वतः येऊन सांगणार. आणि चारच्या चहाला दहा मिनिटं फक्त त्याच विषयाला द्यायची : कोणाची गुरं कुठे हलवायची, कोणाच्या सासूबाई कोणाकडे राहतील, कागदपत्रांची पिशवी माळ्यावर ठेवली का.

काळजीला ठरलेली वेळ देणं ही मानसोपचारातली मान्य पद्धत आहे. टॉमस बोर्कोवेक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने ती १९८३ मध्ये मांडली : काळजी आली की टिपून ठेवायची आणि नेमल्या वेळी, नेमल्या जागी बसून तिच्याकडे बघायचं. आमच्याकडे ती चहाच्या टेबलावर आली. आज औषधाच्या फेरीत एकही मोबाईल बाहेर दिसला नाही. चारच्या चहाला मात्र सगळ्या एकदम बोलत होत्या, आणि उठेपर्यंत दोघींच्या सामानाची सोय वरच्या भागातल्या तिसरीकडे झालेली होती.

२ ऑगस्ट, शुक्रवार

खांदे आणि जबडा. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची कूस दर दोन तासांनी बदलतो, तेव्हा दात आवळले जातात ते रुग्ण टेकला तरी आवळलेलेच राहतात. शिकागोच्या डॉ. एडमंड जेकबसन यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत दाखवलं की स्नायू आधी मुद्दाम आवळून मग सोडला तर सैलपणा म्हणजे काय ते माणसाला कळतं. ती पूर्ण पद्धत अंगभर करायला बराच वेळ लागतो. आम्ही तिचा तुकडा घेतला : उशी लावून झाली की खांदे पाच सेकंद कानांपर्यंत उचलायचे आणि टाकायचे, जीभ टाळूवरून खाली सोडायची. ब्रदरला हे सगळ्यात आवडलं. त्याची मान वर्षभर दुखतेय. त्याला मी ऑर्थोच्या ओपीडीतही पाठवलं.

१२ ऑगस्ट, सोमवार

आज श्वासाबद्दल कोणाशी एक शब्द बोलले नाही.

९ तारखेला कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ड्युटीवरच्या डॉक्टर मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. छत्तीस तासांच्या पाळीत ती थोडा वेळ टेकायला म्हणून गेली होती. आमची नाईटची मुलगी आज ओव्हर घेताना म्हणाली, "ताई, मी पण तीन वाजता मागच्या खोलीत एकटीच टेकते." त्या खोलीला आतून कडी नाही. हे मला माहीत होतं. वर्षानुवर्षं माहीत होतं.

या भीतीला लांब श्वास सोडायला सांगणं म्हणजे त्या मुलीचा अपमान. भीती बरोबर आहे, जागा चुकीची आहे. संध्याकाळी बसून अर्ज लिहिला, सोळा जणांच्या सह्या आणि चार अंगठे-सह्या मिळून वीस. मागण्या चार : विश्रांतीच्या खोलीला आतून कडी, मागच्या बोळात दिवे, रात्री दुसऱ्या मजल्यावर सुरक्षारक्षक, आणि रक्तपेढीत रात्री एकटीने जायचं नाही म्हणून नाईटला तिसरी सिस्टर.

१७ ऑगस्ट, शनिवार

इंडियन मेडिकल असोसिएशनने आज सकाळी सहापासून चोवीस तास सेवा बंद ठेवायला सांगितलंय. ओपीडी बंद, तातडीचं चालू. वॉर्ड भरलेला, आम्ही सगळ्या हजर, काळी फीत लावून.

२१ ऑगस्ट, बुधवार

कडी बसली. दिवे लागले. सुरक्षारक्षकाबद्दल "बघू" असं उत्तर आलं, तिसऱ्या सिस्टरबद्दल काहीच नाही. पुन्हा अर्ज दिला. कडी बसल्यानंतर पहिल्या रात्री ती मुलगी वीस मिनिटं गाढ झोपली, तिने सकाळी आपण होऊन सांगितलं. दोन महिन्यांत माझ्या कुठल्याही तंत्राने तिला वीस मिनिटं झोप दिली नव्हती.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

पहाटे तीन वाजून वीस मिनिटांनी खाट सातवरच्या आजोबा गेले. पंचेचाळीस मिनिटं छाती दाबत होतो, आळीपाळीने. डॉक्टरांनी वेळ सांगितली. अशा वेळी पुढचं सगळं फार भराभर होतं : नळ्या काढा, कागद करा, नातेवाइकांना बोलवा, पडदा सारा, आणि खाट पाचची सलाईन संपलेली असते.

मी आधीपासून मनाशी ठरवलं होतं. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयातले परिचारक जोनाथन बार्टेल्स यांनी सुरू केलेली एक साधी रीत आहे. रुग्ण गेला की संघातल्या कोणीही म्हणायचं, थोडं थांबूया. मग मिनिटभर सगळे शांत उभे राहतात, ज्याने त्याने आपापल्या मनाने. मी म्हटलं, "एक मिनिट थांबूया. हे आजोबा कोणाचे तरी वडील होते. आपण सगळ्यांनी खूप केलं." तरुण डॉक्टर हातातले ग्लोव्हज काढता काढता थांबले. मावशींनी पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले. खाटेखालच्या ऑक्सिजनच्या बाटलीत अजून बुडबुडे येत होते, ब्रदरने वाकून तो बंद केला आणि मग काहीच आवाज उरला नाही. मी आजोबांच्या हाताकडे बघत होते. मनगटाला काळा दोरा होता, त्यांनी दुपारीच मला सांगितलं होतं की तो नातीने बांधलाय.

मिनिट संपल्यावर ब्रदरने चादर सारखी केली. मी दोरा तसाच ठेवायला सांगितला. मग सगळ्या बेसिनपाशी गेलो. सहा पायऱ्या, कोणीही घाई केली नाही.

२८ ऑगस्ट, बुधवार

घरच्या वेळेबद्दल दोनच गोष्टी टिकल्या. एक, पहाटे चारचा चहा बंद करून तो रात्री बाराला. कॅफिनचा निम्मा भाग अंगातून जायला साधारण पाच तास लागतात. चारला चहा घेऊन सकाळी नऊला झोपणाऱ्याच्या अंगात तो निम्मा शिल्लक असतो. चारला गरम पाणी आणि दोन खजूर. कुरकुर झाली, पण सहा जणींनी चालू ठेवलंय. दुसरी, युनिफॉर्म बदलताना पाळीतली एक गोष्ट सोबतच्या मुलीला सांगायची, मगच गेटबाहेर पडायचं. रोजनिशी लिहायची सूचनाही मी केली होती. ती कोणीच केली नाही, आणि मी मागे लागले नाही.

३ सप्टेंबर, मंगळवार

ही नोंद तिच्या परवानगीने लिहितेय. आमच्यातल्या एकीला यातल्या कशानेही बरं वाटलं नाही. दोन महिने झोप नाही, जेवण नाही, ड्युटीला यायच्या आधी जिन्यात रडायची. मी तिला बेसिनचं सांगितलं होतं, खांद्याचं सांगितलं होतं. तिने सगळं केलं आणि शेवटी तिलाच वाटायला लागलं की आपल्याला श्वाससुद्धा नीट जमत नाही. तिची अशी समजूत व्हायला मी कारण झाले याचं मला फार वाईट वाटतं. तिला जवळ बसवलं आणि सांगितलं की हा नुसता ताण नाही, हा आजार असू शकतो, आणि आपण दुसऱ्यांना देतो तसे उपचार त्याला असतात. तिने माझ्यासमोरच टेलि-मानसला फोन केला, १४४१६. मानसिक त्रासासाठी ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेली सरकारी फोनसेवा, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. परवा मी तिच्याबरोबर मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. औषध सुरू झालंय. नाईटमधून तिला दोन महिने वगळलं, आणि तिच्या नाईट आम्ही तिघींनी वाटून घेतल्या.

आरशावरच्या कागदाखाली आता १४४१६ हा आकडाही लिहिलाय. "दोन आठवडे झोप-जेवण नसेल तर इथे" असं.

१६ सप्टेंबर, सोमवार

आठ आठवड्यांचे अकरा झाले. मेट्रन मॅडमना अहवाल द्यायचाय. टिकलं ते लिहिते : बेसिन, खांदे, मावशींचं गुणगुणणं, बाराचा चहा, मिनिटभर थांबणं. पातळीचा फळा पाऊस ओसरल्यावर पुसला, पण खडू तिथेच ठेवलाय. अहवालाच्या पहिल्या पानावर मात्र कडी आणि दिवे घेतलेत, आणि मॅडमना ते पान आधी वाचायला सांगणार आहे.

उद्या अनंत चतुर्दशी. मिरजेच्या विसर्जन मिरवणुका दुसऱ्या दिवसापर्यंत चालतात, कॅज्युअल्टी भरते आणि तिथून वर आमच्याकडे येते. उद्याच्या नाईटच्या तक्त्यात पहिल्यांदाच तीन नावं आहेत. फक्त एका रात्रीपुरती मंजुरी मिळालीय. ऑक्टोबरच्या तक्त्यासाठी तिसरा अर्ज तयार आहे.

आरशावरचा कागद पाण्याने ओला होऊन फाटला होता. आज लॅमिनेट करून लावला. डाव्या बाजूचा नळ गळतोय, वॉशर बदलायला दोनदा सांगून झालं. उद्या पुन्हा सांगायचं.